आतून आवाज आला पाहिजे

फोन दिनकरचा होता. मी नाशकात लेकीकडं गेले होते, तिच्या स्वयंपाकघरात मेथी निवडत बसले होते. सकाळचे अकरा वाजले असतील. "अक्का, अप्पा गेले," तो म्हणाला, आणि मी "अरे, कसे?" म्हणायच्या आतच पुढचं वाक्य आलं, "तुझ्या त्या खोलीत." तुझ्या! खोली मामाची, विटा मामानं स्वतः रचलेल्या, चूल त्याच्या हातची. पण माणूस गेल्याबरोबर ती माझी झाली. दिनकर म्हणजे मामाचा एकुलता एक मुलगा, पुण्यात कंपनीत इंजिनिअर आहे; शेजाऱ्यांनी आधी त्यालाच कळवलं होतं. बापाच्या मरणाची बातमी देताना माणूस रडेल, घाबरेल, काहीतरी करेल. हा माझ्यावर आरोप ठेवून मोकळा झाला. मी मेथी तशीच टाकून एसटी पकडली आणि रस्ताभर रडायचं सोडून त्याच्याशी मनातल्या मनात भांडत आले.

आज सव्वा महिना झाला. दहाव्याला, तेराव्याला, त्यानंतरही भेटायला येणाऱ्या प्रत्येकानं तेच ऐकवलं. एक्क्याऐंशीव्या वर्षी, हृदयाचं दुखणं असलेल्या माणसानं भट्टीत बसायचं म्हणजे काय? आणि तुम्ही तर नर्स! पस्तीस वर्षं सरकारी दवाखान्यात काढलेली बाई, तुम्हाला एवढं कळलं नाही? लोकांच्या जिभेला काय, हाड थोडंच असतं. त्यांना मी तिथं काही बोलले नाही, चहा दिला. इथं बोलते. हो, मामा गरम खोलीत गेला. हो, चूल पेटलेली होती. हो, त्या खोलीत बसायला मीच त्याला नऊ वर्षं मदत केली. आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही. ज्यांना एवढं ऐकून पान उलटायचं असेल त्यांनी खुशाल उलटावं.

माझा मामा, मारुती, शेंद्र्याच्या अलीकडच्या एका गावचा. घरची मेंढरं. जिथं त्याची मेंढरं चरायची तिथं आता कंपन्यांची गेटं आहेत आणि शिट्टी झाली की मोटारसायकलींचा लोंढा बाहेर पडतो. हैदराबादच्या पोलीस ॲक्शननंतर नऊ-दहा वर्षांनी, मिसरूड फुटायच्या सुमारास तो शहरात आला. तेव्हाचं औरंगाबाद, आताचं छत्रपती संभाजीनगर. शहागंजात एका न्हाव्याच्या दुकानामागं हमाम होता. पुढं दाढी-कटिंग, मागं गरम पाण्याची अंघोळ, आणि त्याच्याही मागं एक छोटी दगडी खोली. तिच्या जमिनीखालून भट्टीचा धूर फिरवलेला, त्यामुळं फरशी आणि बसायचा ओटा तापायचा, वर पाणी शिंपडलं की वाफ. बाजारातले हमाल कंबर धरली की यायचे, तालमीतले पैलवान यायचे, गुलमंडीचे कापडवाले थंडीत सांधे धरले की यायचे. मामाला भट्टीत लाकडं घालायचं काम मिळालं. हमामचे मालक करीमचाचा तेव्हाच म्हातारे होते. त्यांनी मामाला पहिल्या दिवशी जे सांगितलं ते मामा मला पुढं हजार वेळा सांगायचा, अगदी चाचांच्या आवाजात : "आंदर का आदमी बाता करते रहना. चुप हुआ तो पूछना नक्को, दरवाजा खोलना."

ही त्या हमामची रीत होती. आत बसलेल्यानं बोलत राहायचं. भट्टीशेजारच्या भिंतीत हाताएवढा झरोका होता, मामा त्याच्याजवळ बसून लाकडं सारायचा आणि ऐकायचा. घरचं सांगा, बाजारभाव सांगा, बायकोच्या तक्रारी सांगा, काहीही. पण आवाज येत राहिला पाहिजे. आवाज जड झाला, शब्द अडखळले, की मामा दार उघडून माणसाला हाताला धरून बाहेर आणायचा, मग तो कितीही म्हणो, अजून पाच मिनिटं. त्यामुळं निम्म्या शहागंजाच्या घरातली भांडणं मामाला पाठ होती. "माझ्या पोटात काय काय हाय, सांगितलं तर दंगल हुईल," असं म्हणायचा आणि हसायचा. पण कधी कुणाचं एक अक्षर बाहेर गेलं नाही.

मी नर्सिंग शिकायला शहरात आले ती मामाच्याच घरी राहिले. मामीच्या हातचा डबा मी दुपारी भट्टीवर नेऊन द्यायचे. बायकांनी दुकानातून आत जायचं नाही, म्हणून मागच्या बोळातून. तेव्हा मी नवीन नवीन शिकत होते, त्यामुळं मला जगातलं सगळं कळत होतं. मनगटावर वडिलांनी घेऊन दिलेलं घड्याळ होतं. मी मामाला सांगायचे, गरमीत अंगावरच्या नसा फुगतात, रक्त कातडीकडं धावतं, म्हणून हृदयाला जास्त पळावं लागतं, नाडी वाढते, रक्तदाब उतरतो. मामा शांतपणे ऐकून घ्यायचा. मग म्हणायचा, "म्हंजी बसल्या जागी माणूस चढ चढतोय, व्हय का?" मी म्हणायचे, हो, तसंच. "मग मी येगळं काय सांगतोय? चढ कुणाला झेपतो, कुणाला नाय झेपत, ते बघाया तर मी इथं बसलोय." माझ्या पुस्तकात जे दोन पानांत होतं ते या निरक्षर माणसानं एका वाक्यात सांगितलं आणि भाकरी मोडून खायला सुरुवात केली.

पैलवानाची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. एक गडी होता, जत्रेतल्या कुस्तीसाठी त्याला वजन उतरवायचं होतं. कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं होतं की हमामात चरबी वितळते. दोन घोंगड्या गुंडाळून आत बसायचा त्याचा बेत होता. मामानं घोंगड्या काढून घेतल्या आणि त्याला शेजारच्या धान्याच्या दुकानात नेऊन पोत्यांच्या काट्यावर उभा केला. मग आत बसवला, ठरलेल्या वेळेला बाहेर काढला आणि परत काट्यावर. वजन खरंच उतरलेलं! पैलवान खूश, मांडीवर शड्डू ठोकला. मामानं त्याच्या हातात लिंबू-मीठ घातलेलं पाणी दिलं. तहान लागलेलीच होती, गड्यानं तीन तांबे घटाघटा रिचवले. "आता परत हुबा ऱ्हा." काटा होता तिथं आला. सगळी पेठ हसायला लागली. मामा म्हणाला, "पैलवान, घामानं पाणी जातंय अन मीठ जातंय. चरबी जात नाय, पाप बी जात नाय. पाणी पिऊ नगं म्हणून कुणी सांगितलं तर त्याच्या कानाखाली वाजव." आज आमच्या कॉलनीतल्या व्यायामशाळेत काचेच्या दाराची वाफेची खोली झालीय. तिथली पोरं मला शिकवतात, "काकू, बॉडीतले टॉक्सिन्स निघून जातात." अरे, मग किडन्या काय शोभेला दिल्यात का? एक जण रात्रीची दारू उतरवायला सकाळी आत बसतो, एकटा, कानात गाणी लावून. मामा असता तर त्याला तिथनं बखोटीला धरून बाहेर काढला असता. मला गरमीचे भक्तही आवडत नाहीत आणि तिच्या नावानं बोटं मोडणारेही आवडत नाहीत. दोघांनीही कधी झरोक्याशी बसून ऐकलेलं नसतं.

मामा चुकला नाही असं मात्र मी म्हणणार नाही. चुकला. आणि मीही चुकले... एक प्राथमिक शाळेतले गुरुजी यायचे, मानेच्या दुखण्यासाठी. स्वभावानं अबोल. बोलत राहा म्हटलं की त्यांना काय बोलावं सुचायचं नाही, म्हणून ते आत पाढे म्हणायचे. बे एके बे पासून सुरू करून तिसापर्यंत. मामाला भारी कौतुक. "गुरुजी आत असले की हमामाची शाळा हुती," म्हणायचा. त्या दिवशी मी डबा घेऊन गेले तर आतून सतराचा पाढा चालला होता. सतरा पाचे पंच्याऐंशी. मग सतरा सक पंच्याऐंशी. मग सतरा सत्ते चौतीस. मला फिस्सकन हसू आलं. म्हटलं, गुरुजींना कुणी छडी मारायची आता? मी डबा ठेवला, मामीचा निरोप सांगितला, आणि चक्क चार-दोन इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या. मामा निवांत होता, कारण आवाज येत होता, चांगला खणखणीत येत होता. पाढा चुकतोय हे त्याला कळणं शक्यच नव्हतं, तो आयुष्यात कधी पाढा शिकला नव्हता. मला कळत होतं, आणि मी हसत होते.

मग आवाज थांबला. मामा एका झेपेत दाराशी होता. गुरुजी ओट्यावरून खाली घसरलेले, अंग तापलेलं, डोळे उघडे पण ओळख नाही. मामानं आणि करीमचाचांनी त्यांना बाहेर ओढलं, मी पहिल्यांदाच बायकांना बंद असलेला तो उंबरा ओलांडून आत गेले. ओली फडकी, गार पाणी, पंखा, जे हाताला लागेल ते. मग टांग्यात घालून दवाखान्यात. तीन दिवसांनी गुरुजी माणसात आले. तेव्हा कळलं, त्या दिवशी त्यांची संकष्टी होती, निर्जळ. आत जायच्या आधी प्रत्येकाला एक तांबा पाणी प्यावंच लागायचं; त्यांनी तो घेतला आणि मामाची पाठ वळल्यावर मोरीत ओतला. उपास आहे म्हटलं असतं तर मामानं आत सोडलं नसतं आणि मान तर दुखत होती. डोकं तापायला लागलं की आधी अक्कल जाते, आवाज नंतर जातो. आणि पाठ केलेलं असेल ते तर अक्कल गेल्यावरही तोंडातून येत राहतं. हे मला कुठल्या पुस्तकात नाही, त्या बोळात कळलं.

मामानं महिनाभर भट्टी पेटवली नाही. चाचा म्हणाले, मारुती, तेरी गलती नहीं. मामा म्हणाला, "माझीच हाय." मग एका संध्याकाळी तो माझ्यापुढं पाटी घेऊन बसला. पाटी! छत्तीस वर्षांचा माणूस, दिनकर तेव्हा मामीच्या मांडीवर. "सुमे, मला पाढे शिकव." मी म्हटलं, मामा, चूक माझी आहे, मला कळत होतं. तो म्हणाला, "तुला कळत हुतं पर तुला ठावं नव्हतं. मला ठावं हुतं पर कळत नव्हतं. आता दोनी एका जागी पायजेत." पावसाळा संपेपर्यंत तो तिसापर्यंतचे पाढे शिकला. रोज लाकडं फोडताना म्हणायचा, चुकला की परत एकापासून. आणि मग हमामाची रीत बदलली. आतल्यानं आपल्या मनानं बोलायचं नाही, बाहेरच्यानं विचारायचं. मध्येच, कुठूनही. तेरा नव्वे? काल जेवायला काय होतं? मेहुण्याचं नाव काय? ज्यांना पाढे येत नव्हते त्यांना मामा बाजारभाव विचारायचा. उत्तर चुकलं किंवा उशिरा आलं, की दार उघडायचं.

पुढं घरोघर गिझर आले, चाचा गेले, त्यांच्या मुलांनी हमामच्या जागी चपलांचं दुकान काढलं. मामानं चिकलठाण्याकडच्या आपल्या घरामागं खोली बांधली. चार माणसं बसतील एवढी, आत दोन उंचीचे ओटे, बाहेरून चूल, भिंतीत झरोका. दाराला आतून कडी नाही. गल्लीतल्या म्हाताऱ्या यायच्या, तेव्हा झरोक्याशी मामी बसायची. कुणाचा गुडघा सुटायचा, कुणाला महिनोन्‌महिन्यांनी झोप लागायची. बरं करतो असं मामा कुणालाही म्हणाला नाही; "आज मोकळं वाटंल, उद्याचं उद्या," एवढंच. आणि नाही म्हणायला तो कुणाला भ्यायचा नाही. तापाचा माणूस नाही. प्यालेला नाही. साखरेमुळं ज्याच्या पायाला चटका कळत नाही तो नाही. मला तर त्यानं दारातनं परत पाठवलं होतं. लग्नानंतरची गोष्ट, थंडीत कंबर मोडून आली होती, म्हटलं जरा शेकून घ्यावी. मामीनं हळूच विचारलं, "पाळी कधी झाली?" मी बोटं मोजायला लागले तसा मामा दारात आडवा उभा राहिला. "दोन जीवाची असशील तर आत नाय. नसशील तर खात्री करून ये." मला राग आला. नर्स मी आहे का तुम्ही? पंधरा दिवसांनी कळलं, मला दिवस गेले होते. सुरुवातीच्या महिन्यांत आईचं अंग फार तापणं पोटातल्या बाळाला धोक्याचं असतं, हे नंतर दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी मला समजावून सांगितलं. नाशकातली लेक ती हीच.

बहात्तराव्या वर्षी मामाला हृदयाचा झटका आला. मामी आदल्या वर्षी गेली होती. दवाखान्यात नळीत जाळी बसवली, गोळ्या सुरू झाल्या. डिस्चार्जच्या दिवशी त्यानं डॉक्टरांना विचारलं, "ती गरम खोली... कायमची बंद?" तरुण डॉक्टर दचकलेच. दिनकर मधेच म्हणाला, "बंद म्हणजे बंद," आणि घरी आल्याबरोबर त्यानं खोलीला बाहेरून कुलूप घातलं. किल्ली पुण्याला नेली. तेव्हा तेच बरोबर होतं. नुकत्याच दुखावलेल्या हृदयाला बसल्या जागी चढ चढायला लावणं हा मूर्खपणा झाला असता.

पण महिने गेले, सहा गेले, आठ गेले. मामाच्या हातांना जुना संधिवात, जन्मभर लाकडं फोडलेले हात. सकाळी मुठी उघडायच्या नाहीत. दुखण्याच्या गोळ्या हृदयामुळं द्यायच्या नाहीत. झोप गेली. फिरायला जाणं बंद झालं, शेवटी घरापुढच्या ओट्यावर येणंही बंद. मी दोन गल्ल्या सोडून राहते, सकाळ-संध्याकाळ जायचे. एका सकाळी गेले तर मामा अर्धा सदरा घालून खाटेवर बसलेला. गुंड्या लागत नव्हत्या. किती वेळ बसला होता देव जाणे. मी गुंड्या लावायला लागले तसा म्हणाला, "सुमे, जगवलंत तुम्ही मला. पर कशासाठी, ते कुणी सांगंना." मला ते सहन झालं नाही. आजही होत नाही.

मी त्याचे सगळे कागद घेऊन डॉक्टरांकडं गेले. सरळ विचारलं, मला खरं सांगा. ते म्हणाले, "सिस्टर, मी लिहून देणार नाही." मग म्हणाले, दोन जिने न दमता चढतात का? छातीत दुखत नाही ना? मग हृदय ठरलंय असं म्हणता येईल. पण गोळ्यांनीही रक्तदाब उतरतो आणि गरमीनंही उतरतो. दोन्ही एकदम उतरले, माणूस झटकन उभा राहिला, की पडला. पाणी कमी पडलं तर घोटाळा. बाहेर आल्यावर गार पाण्याचा मारा तर अजिबात नको. आणि एकटं कधीच नाही. "जोखीम शून्य आहे असं माझ्याकडून वदवून घेऊ नका." मी म्हटलं, शून्य जोखमीत तो रोज खाटेवर बसून मरतोय. घरी येताना मी किल्लीवाला घेऊन आले आणि कुलूप तोडलं.

दिनकर फोनवर माझ्यावर इतका ओरडला की शेजारच्या शोभाबाई बघायला आल्या. मी म्हटलं, ये, रोज सकाळी बापाच्या गुंड्या लावायला ये, मी परत कुलूप घालते. त्यावर त्यानं फोन ठेवला आणि वर्षभर माझ्याशी बोलला नाही. आम्ही दोघांनी, मी आणि मामानं, नवे नेम केले. चूल निम्मी. खालचा ओटा, वरचा नाही. दहा मिनिटं, त्यावर एक नाही. आधी रक्तदाब मोजायचा, कमी असेल तर आज सुट्टी. बाहेर येताना आधी पाय सोडून बसायचं, मग उभं राहायचं. आठवड्यातून तीनदा. आणि झरोक्याशी मी. "एकोणीस सत्ते?" "एकशे तेहेतीस." "काल रात्री काय खाल्लं?" "तू आणलेली कढी. मीठ कमी हुतं." अशी नऊ वर्षं... दुसऱ्याच महिन्यात मामा स्वतः सदऱ्याच्या गुंड्या लावायला लागला, आणि मग भाजी आणायला, आणि मग शेंद्र्याच्या बसमध्ये बसून गावी भावकीच्या लग्नाला. गरमीनं त्याचं हृदय दुरुस्त झालं असं मी म्हणणार नाही, संधिवातही गेला नाही. पण माणूस परत आला. ती नऊ वर्षं माझ्या हिशोबात कुणी चुकीची ठरवायला येऊ नये.

तेराव्यानंतर चार दिवसांनी दिनकर गवंडी घेऊन आला. खोली पाडायची. पहार, घमेली, दोन माणसं. मला तळपायाची आग मस्तकात गेली. मी दारात उभी राहिले, मामा एकदा माझ्यापुढं राहिला होता तशीच. म्हटलं, "पाड. तुझं घर आहे, मी कोण? पण ज्या खोलीनं तुझा बाप मारला म्हणतोस, तिच्यात तू जन्मात एकदा तरी बसलायस का? आधी बस, मग पाड." गवंडी एकमेकांकडं बघायला लागले. दिनकर म्हणाला, "अक्का, येड लागलंय तुला." पण आत गेला. का गेला, मला माहीत नाही. मी त्याला पाणी पाजलं, रक्तदाब मोजला, गोळ्या-बिळ्या काही आहेत का विचारलं, चूल पेटवली आणि झरोक्याशी बसले.

पुढचं मी दिनकरला विचारून लिहिते आहे. तो म्हणाला, लिही, एकदाचं सगळ्यांना कळू दे.

दोन-तीन प्रश्नांची उत्तरं त्यानं नीट दिली, तिरसटपणे. मग म्हणाला, "अक्का, त्या दिवशी त्यांना बाहेरून कोण विचारत होतं?" मला माहीत होतं हे येणार. म्हटलं, "कुणी नाही. मी नाशकाला गेले होते. मी नसताना जायचं नाही असा नेम होता, आणि त्यांनी तो मोडला. तुला मला धरायचं असेल तर इथं धर. खोलीला धरू नकोस." आत बराच वेळ काही नाही. मी उठणार, दाराला हात घालणार, तेवढ्यात त्याचा आवाज आला.

"त्यांनी मोडला नाही, अक्का. सकाळी नऊ वाजता त्यांचा मला फोन आला होता. म्हणाले, दिनू, सुमी नाय, हात लई आखडलेत. मी फोन झरोक्यात ठेवतो, तू तिकडून दहा मिनिटं मला पाढे इचार. मी मीटिंगला निघालो होतो. मी म्हणालो, अप्पा, असल्या येडेपणात मला घेऊ नका. आणि कट केला." मग, "त्यांनी परत लावला होता. दोनदा. मी घेतला नाही."

सतरा दिवस मी ज्या माणसाशी मनातल्या मनात भांडत होते, त्याला हरवायला याहून मोठं काही माझ्या हातात येणार नव्हतं. गवंडी बाहेर बिडी ओढत बसले होते. आतून आता हुंदके येत होते, आणि चूल अजून पेटलेली होती. हुंदक्यांना उत्तर म्हणता येत नाही. माणूस शुद्धीवर आहे का, ते त्यावरून कळत नाही. मी झरोक्याला तोंड लावलं.

"दिनू, एकोणीस सत्ते?"

आत नुसता श्वास.

"दिनू. एकोणीस सत्ते किती? नाहीतर मी दार उघडते."

"एकशे... तेहेतीस," तो म्हणाला. बरोबर होतं. मी चुलीतली लाकडं बाहेर ओढली, गवंड्यांना हातानं खूण करून घरी जायला सांगितलं, आणि त्याला पुढचा प्रश्न विचारला.